पावती नसलेली जकात

जकात म्हणजे काय हें शेतकऱ्यास सांगावयास नको. नाक्यावर गाडी उभी राहिली, माल मोजला, दर पाहिला, रक्कम भरली, पावती घेतली कीं गाडी पुढें जात असे. जकात भारी असली तर शेतकरी कुरकुरे, भाव धरतांना ती रक्कम हिशेबांत घेई, आणि आकारणी चुकली असें वाटल्यास पावती दाखवून वर दाद मागे. तात्पर्य, जकात हा बोजा असला तरी तो दिसणारा बोजा होता. त्यास दर होता, कायदा होता व अपील होतें. परंतु आजच्या काळीं व्यापाराच्या वाटेवर दुसऱ्याच जातीचा एक नाका उभा राहिला आहे. त्यास दर नाहीं, पावती नाहीं, आणि पुष्कळदां तो नाका आहे हेंच वाटसरूस कळत नाहीं. इंटरनेटवरील मजकुरावर व दळणवळणावर सरकारें जी सेन्सॉरशिप बसवितात, तिच्याविषयीं हें लिहिणें आहे.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशास, असें कांहीं वाचक विचारतील. सेन्सॉरशिपचा संबंध वर्तमानपत्रें, पुस्तकें व राजकारण ह्यांशीं आहे, नांगराशीं नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आतां सोडली पाहिजे. माल बोटीनें जातो हें खरें. परंतु मालाच्या आधीं बातमी जाते. गिऱ्हाईक कोण, भाव काय, कोणतें औषध किती प्रमाणांत चालतें, कंटेनर कोठें पोहोंचला, पैसे जमा झाले कीं नाहीं, हें सर्व आज इंटरनेटवरून कळतें. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांस हें चांगलें ठाऊक आहे. युरोपांत जाणाऱ्या द्राक्षांच्या बागांची नोंद, अवशेषांची तपासणी व दाखले हें काम अपेडानें सुरू केलेल्या ग्रेपनेट ह्या इंटरनेटवरील पद्धतीनें बसविलें गेलें. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या रसायनाचे अवशेष सांपडल्यामुळें आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपांत अडले. तो प्रसंग सेन्सॉरशिपचा नव्हता. परंतु परदेशांतील नियमाच्या एका ओळीवर बागाईतदाराचें सबंध वर्ष कसें अवलंबून असतें, हें त्यानें सर्वांस दाखविलें. ती ओळ वाचण्याची वाटच कोणी मुद्दाम बंद केली तर काय होईल, ह्याचा विचार वाचकांनीं करावा.

ह्या प्रकारचें सर्वांत मोठें उदाहरण चीन देशाचें आहे. ११ डिसेंबर २००१ रोजीं चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. जकाती उतरविण्याचीं व परक्यांस बाजार खुला करण्याचीं वचनें त्यानें दिलीं, आणि जकाती बऱ्याच उतरविल्याही. परंतु त्याच काळांत इंटरनेटच्या सरहद्दीवर त्यानें जी चाळण बसविली, तीस जग ‘ग्रेट फायरवॉल’ म्हणतें. तिच्या कामाची रीत अशी आहे. परदेशांतील संगणकाकडे जाणारी मागणी देशाच्या सरहद्दीवरील मोजक्या मोठ्या वाटांतूनच बाहेर पडते. तेथें ती तपासली जाते. मागितलेलें नांव वर्ज्य यादींत असेल तर खोटा पत्ता परत येतो. वर्ज्य शब्द आढळला तर जोडणी मध्येंच तोडली जाते. वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘हें सरकारनें बंद केलें आहे’ असें सहसा उमटत नाहीं. पान उघडत नाहीं, एवढेंच त्यास दिसतें. दोष तारेचा, यंत्राचा कीं हुकुमाचा, हें कळावयास त्यास मार्ग नसतो.

२००९ सालीं तेथें यूट्यूब, फेसबुक व ट्विटर बंद झाले. २०१० च्या जानेवारींत गूगल कंपनीनें ह्यापुढें आपण शोधाचे निकाल गाळून देणार नाहीं असें जाहीर केलें, आणि मार्चमध्यें तिनें आपली चिनी शोधसेवा हाँगकाँगकडे वळविली. २०१४ च्या अखेरीस जीमेलही बंद पडलें. म्हणजे ज्या टपालानें परदेशचा व्यापारी चिनी गिऱ्हाइकाशीं पत्रव्यवहार करीत होता, ती पेटीच उचलली गेली. २०१७ सालीं व्हॉट्सॅपची तीच गत झाली, आणि २०१९ च्या एप्रिलपासून विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्या मिटल्या. ह्या रिकाम्या झालेल्या जागेवर बायडू, वीचॅट, वेइबो हीं घरचीं दुकानें वाढलीं. त्यांच्या चालकांत हुशारी नव्हती असें माझें म्हणणें नाहीं. परंतु समोरच्या दुकानास सरकारनें कुलूप घातलें असतां आपल्या दुकानीं गर्दी झाली, तर ती सारी मालाच्या गुणामुळें झाली असें कोण म्हणेल?

अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीच्या कचेरीनें ऑक्टोबर २०११ मध्यें सेवाव्यापाराच्या कराराचा आधार घेऊन चीनकडे लेखी विचारणा केली. संकेतस्थळें कोणत्या नियमानें बंद होतात, तें ठरवितो कोण, आणि ज्याचें बंद झालें त्यानें दाद कोठें मागावी, असे ते प्रश्न होते. वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ती विचारणा बंदी उठविण्याची नव्हती, नियम दाखविण्याची होती. पुढें २०१६ च्या वार्षिक अहवालांत त्या कचेरीनें ह्या भिंतीची गणना व्यापारावरील अडथळ्यांत केली, आणि जगांतील सर्वांत अधिक वर्दळीच्या २५ संकेतस्थळांपैकीं ८ चीनमध्यें बंद असल्याचें नमूद केलें. अमेरिकेस आपल्या कंपन्यांचा कळवळा आहे, धर्मकार्य म्हणून ती हें करीत नाहीं, हें उघड आहे. परंतु वादी स्वार्थी आहे म्हणून दावा खोटा ठरत नाहीं.

ह्या भिंतीचा भार कोणावर पडतो तें पाहूं. मोठ्या कंपन्यांस परवानगीची खाजगी तार भाड्यानें घेतां येते, आणि तिच्यांतून त्यांचा कारभार बिनबोभाट चालतो. भिंतीखालून जाणाऱ्या व्हीपीएन नांवाच्या चोरवाटांवर २०१७ पासून तेथील सरकारनें बंदोबस्त कडक केला, तेव्हां अडचण झाली ती लहान व्यापाऱ्याची, विद्यार्थ्याची व कारागिराची. ज्याच्या मळ्यांत स्वतःची विहीर आहे त्यास कालवा बंद झाल्याची झळ लागत नाहीं. कालव्याच्या शेंवटास ज्याचें शेत आहे त्याचेंच पीक वाळतें. इंटरनेटचा खरा उपयोग हाच होता कीं, दलालांची साखळी ओलांडून लहान माणूस दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोंचूं शकतो. भिंत बांधली कीं तो पुन्हा दलालाच्या ओसरीवर जाऊन बसतो.

शिवाय ही चाळण आंत येणाऱ्या बातमीस अडविते तशीच बाहेर जाणाऱ्या माहितीसही अडविते. २०२१ च्या अखेरीस चीनच्या किनाऱ्यावरील ठाण्यांतून जहाजांच्या ठावठिकाण्याची जी माहिती जगास मिळत असे, ती फार घटली. २०२३ च्या एप्रिलपासून तेथील सीएनकेआय ह्या मोठ्या ज्ञानभांडारांतील प्रबंध, परिषदांचे निबंध व सांख्यिकीय वार्षिकें परदेशस्थ वाचकांस मिळण्यावर निर्बंध आले. जगांत सर्वांत जास्त कापूस वापरणारा व सर्वांत जास्त सोयाबीन विकत घेणारा देश हा आहे. त्याच्या पिकांची व सांठ्यांची माहिती जितकी झांकली जाईल, तितका इतर देशांतील बाजार अंदाजावर चालेल. विदर्भांतील कापूस व मराठवाड्यांतील सोयाबीन पिकविणारा शेतकरी चिनी संकेतस्थळ कधीं उघडणार नाहीं. परंतु जगाचा बाजार अंदाजावर चालला म्हणजे चुकलेल्या अंदाजाची किंमत त्याच्याही पदरांत पडते.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, आपल्या देशांत काय वाचलें जावें व काय न वाचलें जावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सरकारास आहे. त्यांत व्यापाराचें नांव कशास? हा आक्षेप अगदीं टाकाऊ नाहीं. सेवाव्यापाराच्या करारांतच सार्वजनिक नीति व सुव्यवस्था राखण्यासाठीं अपवाद ठेविला आहे. परंतु अपवाद म्हणजे मोकळें रान नव्हे, हें संघटनेच्या दोन निवाड्यांवरून स्पष्ट होतें. अँटिग्वा ह्या चिमुकल्या बेटानें २००३ सालीं अमेरिकेवर फिर्याद नेली. अमेरिकेनें इंटरनेटवरून खेळावयाचा परदेशी जुगार बंद केला होता. २००५ च्या एप्रिलांत अपील मंडळानें ठरविलें कीं, जुगार रोखणें हें नीतिरक्षणाच्या सदरांत येतें. परंतु घोड्यांच्या शर्यतींवर दूर बसून पैज लावण्याची मोकळीक घरच्या मंडळींस दिसते, तेव्हां नीतीचा नियम घरच्यास व परक्यास सारखा लागू आहे असें अमेरिकेस दाखवितां आलें नाहीं. २००७ सालीं लवादानें त्या बेटास वर्षास २ कोटी १० लक्ष डॉलरपर्यंत उलट सवलती रोखण्याचा हक्क दिला.

दुसरा निवाडा चीनविरुद्ध, २००९ च्या डिसेंबरांतला. परदेशी पुस्तकें व चित्रपट आयात करण्याचा मक्ता चीननें ठराविक सरकारी कंपन्यांकडेच ठेविला होता, आणि मजकूर तपासणें सोयीचें व्हावें म्हणून असें केल्याचें तो सांगत होता. अपील मंडळानें त्यास सेन्सॉरशिप सोडावयास सांगितलें नाहीं. तपासणी पाहिजे तर सरकारनें ती स्वतः करावी, त्यासाठीं आयातीचा मक्ता आपल्याच कंपन्यांस देण्याची गरज सिद्ध होत नाहीं, असा त्याचा भावार्थ होता. ह्या दोन्ही निवाड्यांतून एक व्यवहारी सूत्र निघतें. अटकाव करावयाचा तर तो हेतूस पुरेल एवढाच असावा, आणि आपल्या व परक्याच्या मालास सारखा असावा. चोर अडविण्यासाठीं नाका बसवावा; परंतु नाक्याच्या नांवाखालीं पुतण्याचें दुकान चालवूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, भिंत बांधूनही चीनचा व्यापार बुडाला नाहीं. उलट २००९ सालीं तो माल निर्यात करणारा जगांतील पहिल्या क्रमांकाचा देश झाला. हें खरें आहे. परंतु त्यावरून भिंत निरुपद्रवी ठरत नाहीं. त्याचा माल ज्या देशांत गेला त्यांनीं आपले बाजार व आपलें इंटरनेट त्यास मोकळें ठेविलें होतें, म्हणून तो गेला. एकानें बांध घालून पाणी आपल्या शेतांत वळविलें तर त्याचें पीक वर येईलच. सगळ्यांनीं तसेच बांध घातले तर ओढा कोरडा पडेल. आणि असे बांध घालण्याची हौस वाढत आहे. रशियानें २०१६ सालीं लिंक्डइन व २०२२ सालीं फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद केलें. नायजेरियानें जून २०२१ पासून जानेवारी २०२२ पर्यंत ट्विटर बंद ठेविलें. दुसरीकडे १९९८ पासून जागतिक व्यापार संघटनेचे सभासद इलेक्ट्रॉनिक पाठवणुकीवर जकात न बसविण्याचा ठराव वेळोवेळीं वाढवीत आले, आणि २०२४ सालीं अबू धाबीच्या परिषदेंतही तो वाढविला गेला. ह्यांतील विसंगति पाहण्यासारखी आहे. नाक्यावर पैसा घेणार नाहीं अशी शपथ घ्यावयाची, आणि रस्ताच खणून ठेवावयाचा!

येथवर परदेशचें झालें. परंतु आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, हा न्याय शहाण्यांस शोभत नाहीं. आपल्या घरीं काय आहे तेंही पाहिलें पाहिजे. गलवान खोऱ्यांत २० जवान धारातीर्थीं पडल्यानंतर २९ जून २०२० रोजीं आपल्या सरकारनें टिकटॉकसह ५९ चिनी ॲपें बंद केलीं. तो निर्णय देशाच्या सुरक्षिततेसाठीं होता व त्याची यादी जाहीर झाली होती. त्या वेळीं ही बंदी व्यापाराच्या नियमांविरुद्ध असावी अशी तक्रार चीननेंच केली. ज्यानें सर्वांत मोठी भिंत बांधली, त्यासही दुसऱ्याच्या कुंपणापाशीं पावती मागावीशी वाटली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. परंतु सर्वच बंदीहुकूम असे जाहीर होत नाहींत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालीं जे हुकूम निघतात, त्यांविषयींच्या तक्रारी व कारवाई २००९ च्या नियमांप्रमाणें गुप्त ठेवावयाची असते.

ह्याहून शेतकऱ्यास जवळची गोष्ट म्हणजे सबंध इंटरनेट बंद करण्याची. ॲक्सेस नाऊ ह्या संस्थेच्या गणनेप्रमाणें २०१८ पासून २०२३ पर्यंत सलग सहा वर्षें असे प्रसंग जगांत सर्वांत अधिक हिंदुस्थानांत घडले. काश्मिरांत ५ ऑगस्ट २०१९ रोजीं दळणवळण बंद झालें. मोबाइल फोन ऑक्टोबरच्या मध्यापासून थोडे थोडे सुरू झाले, आणि वेगवान मोबाइल इंटरनेट परत यावयास फेब्रुवारी २०२१ उजाडला. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तेथील सफरचंदाचा हंगाम. झाडावर पिकलेलें फळ हुकुमाची मुदत संपेपर्यंत थांबत नाहीं. बागवानास दिल्लीच्या आडत्याचा भाव विचारावयाचा तर फोन नाहीं, आणि मालमोटार बोलवावयाची तर निरोप नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या वेळीं हरयाणांतील सात जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद होतें. तारेनें येणारें इंटरनेट त्या हुकुमांतून वगळलें होतें. म्हणजे शहरांतील पेढी उघडी राहिली, आणि ज्याचें सारें कामकाज खिशांतील फोनवर चालतें तो खेडुत अडला. दंगेखोर चार असतात, गांव चार हजारांचा असतो. सुक्याबरोबर ओलेंही जळतें तें असें.

सुदैवानें ह्या बाबतींत आपल्याकडे आधार आहे. १० जानेवारी २०२० रोजीं अनुराधा भसीन ह्यांच्या अर्जावर निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, इंटरनेटच्या साधनानें व्यापारधंदा करण्याच्या स्वातंत्र्यास घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचें संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाहीं. हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि ते गरजेपुरतेच असले पाहिजेत. २०२४ च्या नव्या नियमांतही हुकुमांत कारण व क्षेत्र लिहावें, मुदत १५ दिवसांहून अधिक नसावी व हुकूम प्रसिद्ध व्हावा, असें आहे. परंतु एका हुकुमापाठोपाठ दुसरा निघाला तर ती मर्यादा कागदावरच राहते, हें कचेरींत हयात घालविलेल्या माणसास समजावून सांगावें लागत नाहीं.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसुलाच्या कारकुनींत झाली. त्या खात्यास लोकांनीं नांवें ठेविलीं तरी त्यांत एक शिस्त आहे. नोटिशीवांचून जप्ती नाहीं, आकारणीवांचून वसुली नाहीं, वसुलीनंतर पावती दिलीच पाहिजे, आणि प्रत्येक हुकुमाच्या तळाशीं अपिलाची मुदत. ही शिस्त सारा चुकविणाऱ्याच्या सोयीसाठीं नाहीं. सरकारचा शब्द लोकांस पटावा म्हणून आहे. इंटरनेटवरील बंदीसही तीच शिस्त लावावी, एवढेंच ह्या लेखाचें मागणें आहे. हुकूम लेखी असावा. त्यांत कारण, क्षेत्र व मुदत असावी. जें पान बंद केलें त्या जागीं तें कोणत्या हुकुमानें बंद आहे हें लिहिलेलें दिसावें. ज्याचें नुकसान झालें त्यास दाद मागण्याची जागा व मुदत कळावी. दंग्याधोप्यामुळें इंटरनेट बंद करणें अटळच झालें, तर बाजारभाव, बँकेचे व्यवहार, मालवाहतुकीचे परवाने व हवामानाचे अंदाज ह्यांची वाट उघडी ठेवावी. आणि आपल्या देशाच्या प्रतिनिधींनीं जागतिक व्यापार संघटनेंत हेंच मागणें सर्व देशांकडे करावें. ज्याच्या स्वतःच्या दप्तरांत पावतीबुक आहे, तोच दुसऱ्याकडे पावती मागूं शकतो.

हें काम एकट्या शेतकऱ्याचें नव्हे. परंतु शेतकऱ्यांच्या सभा, खरेदी-विक्री संघ व बागाईतदारांच्या संस्था ह्यांना तें करतां येईल. जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालें तर त्या हुकुमाची नक्कल मागवावी, त्या दिवसांतील न गेलेल्या मालाची व चुकलेल्या सौद्यांची यादी तारीखवार ठेवावी, आणि ती कलेक्टरांकडे व वर्तमानपत्रांकडे पाठवावी. कागदावर न उतरलेलें नुकसान सरकारदरबारीं झालेलेंच नसतें. ज्या जकातीची पावती सरकार देत नाहीं, तिचा हिशेब निदान शेतकऱ्यानें तरी आपल्या वहींत लिहून ठेवावा. सूज्ञांस अधिक सांगणें न लगे.